शून्यापुरता सिद्धांत

कॉम्प्युटर पुन्हा सिद्धतेच्या तिसऱ्या ओळीवर अडला आणि पडदा लाल झाला. त्या ओळीत गुरुपादप्पा सरांनी तरुणपणी लिहून ठेवलं होतं, ‘हे तर उघडच आहे.’ कॉम्प्युटरला काही ते उघड दिसेना.

गुरुपादप्पा सर लातुरातल्या एका कॉलेजात गणिताचे विभागप्रमुख. सिद्धांत त्यांचाच, सगळ्या पूर्णांकांना लागू, असं तेच सांगत. सिद्धता ओळीओळीनं तपासणारं हे सॉफ्टवेअरही त्यांनीच आणवलं, हळदीकुंकू वाहून, नारळ फोडून. दुपारी नांदेडहून विद्यापीठाची समिती यायची होती. पडदा हिरवा दिसला की संशोधन केंद्राला मान्यता.

सरांनी तातडीनं विभागाची बैठक बोलावली. सिद्धांत बरोबर असल्याचा ठराव मांडला. मुरुडहून ये-जा करणाऱ्या मलप्पा सरांनी अनुमोदन दिलं; त्यांची पीएचडी त्याच सिद्धांतावर झालेली. ठराव एकमतानं मंजूर झाला. पडदा लालच राहिला.

वर्षाराणी सरांची विद्यार्थिनी. तिचा सगळा प्रबंध त्याच तिसऱ्या ओळीवर उभा. तिनं एक अट घालून पाहिली, तसा पडदा चटकन हिरवा झाला.

“सर, पास झाला. पण फक्त शून्यापुरता. त्याच्या पुढं सिद्धताच न्हाई.”

सरांनी मान डोलावली. “शून्य पूर्णांकातच येतं ना? मग झालं की.”

‘फक्त शून्यासाठी’ ही अट वर्षाराणीनं मुद्दाम मोठ्या अक्षरांत पडद्यावर ठेवली. प्रबंध बुडाला तर बुडू दे. पण एवढ्या शहाण्या माणसांतल्या एकानं तरी हे वाचावं आणि तोंडानं बोलावं, एवढीच तिची इच्छा.

समिती आली. हिरवा रंग बघून टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झालं. अध्यक्ष शेषेराव सर मात्र चष्मा पुसत पडद्याजवळ गेले. अट वाचली. परत वाचली. कपाळाला आठ्या पडल्या. गुरुपादप्पा सरांनी पाणी मागवलं. वर्षाराणी दोन पावलं पुढं सरकली. कुणीतरी वाचलं होतं.

शेषेरावांनी तिला खुणेनं बाजूला बोलावलं आणि आवाज खाली आणला.

“पोरी, आमच्या धर्माबादच्या पुतण्याची पीएचडी विषयावाचून अडून राहिली. शून्य तर तुमच्याकडं गेलं. एकचा आकडा अजून मोकळाच हाय ना?”