तमिळ कादंबरी

मोहिनीनं तमिळमधून नऊ कादंबऱ्या मराठीत आणल्या होत्या. दहावी मात्र तिची स्वतःची, आणि तीही आईवर. छापायला देण्याआधी घाटघरला जाऊन आईला वाचून दाखवायचं ठरवलं खरं, पण ऐन वेळी तिचा धीर सुटला. "ही बी तमिळच हाये, आये," ती म्हणून गेली.

आई हिरडे निवडत ऐकत होती. मोहिनीचं निम्मं लक्ष तिच्या तोंडाकडे. कादंबरीतली बाई तान्ह्या लेकीला टाकून घाट उतरते आणि भिऊन अर्ध्या वाटेतून परत फिरते, तिथं मोहिनीची जीभ अडखळली.

आईचे हात थांबले.

"त्या लिहिणारीला कळव. म्हणावं, तुझी आय भिऊन न्हवती आली. पान्हा दाटला म्हणून आली."