हात नाही लावायचा

गोल बाजारातला भांडेवाला नरहरी अन् शेजारची साडीवाली सुजाता, दोघांमधून विस्तव जात नाही. तरी पैज लागली. दिवसभर सगळं काम नोकर मेश्रामवर सोडायचं, नरहरीनं हात लावला तर भर चौकात कान धरून दहा उठाबशा.

अकरा वाजताच गिऱ्हाइकासमोर मेश्रामच्या हातून सुतळी हिसकून नरहरीनं स्वतः कुकर बांधला. हरला!

पण सुजातापुढं झुकणं म्हणजे मरण. त्यानं मेश्रामला चौकात ढकललं, "माझ्या बदल्यात तू काढ."

"हव, चालते," सुजाता खिदळली, "एक काम तं सोडून राहिले दुसऱ्यावर!"

गर्दी जमली. मेश्रामनं दोन काढल्या.



"सरक बे, अशा काढतेत का उठाबशा?" म्हणत नरहरीनं स्वतःचे कान धरले, अन् एकपासून मोजत दहाच्या दहा काढल्या.