कॅचरची बैठक

अमेरिकेत मुलाकडे जाऊन आलेले किशोरराव अंबडच्या कंपनीतल्या जुन्या मित्रांना मोबाइलवर फोटो दाखवत होते. तिकडची बेसबॉलची बघण्यासारखी सगळी स्टेडियम त्यांनी पालथी घातली होती. चहा घेऊन आलेली त्यांची लेक संध्या ऐकता ऐकता धुमसत होती.

"आणि तो कॅचर! बॉल झेलायला अख्खी मॅच असा बसतो! पाया पडावंसं वाटतं राव!" म्हणत ते सगळ्यांसमोर उकिडवे बसले. गुडघेच धरले. त्यांनी लेकीपुढे हात केला. "संध्या, उठव गं."

संध्याने ट्रे टीपॉयवर आदळला.

"बसा तसेच. पोरीच्या जातीने चारचौघांत असं बसू नये, म्हणून माझी टीम सोडायला लावलीत ना, बाबा? मी कॅचरच होते."