जवळचा सर्व्हर

इंटरनेटच्या फोनवर लेकाचे शब्द वाटेत विसावा घेत घेत यायचे. “कधी येतोस?” विचारलं की उत्तर फारच रेंगाळायचं. “लाइनच तशी हो,” असं आई अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला सांगायची.

आज तंत्रज्ञ आला. “मावशी, तुमचं डीएनएस, म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही, फोनला पार साता समुद्रांपलीकडच्या सर्व्हरचा पत्ता देत होतं. सेटिंग बदलून जवळचा सर्व्हर दिलाय. बोला आता.”

“जेवलास?”

“कधीच गं!” आवाज थेट कानाशी आला.

“कधी येतोस? बाबा वाट बघतायत रे.”

काहीच ऐकू आलं नाही. मग बऱ्याच वेळाने, “बघतो.”

तिने फोन ठेवला.

“आता मध्ये थांबत नाही ना?” तंत्रज्ञाने हसून विचारलं.

“नाही,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “पण आधीचं सेटिंग परत घालून दे, बाळा.”