सोलू नका

"दोन अंडी. उकडलेली. सोलू नका."

घड्याळजी रोजच्या खिडकीपाशी येत म्हणाले. खानावळीच्या मालकाने रोजच्यासारखीच त्यांची खुर्ची एप्रनच्या टोकाने झटकून दिली आणि अंडी आणायला वळला. चार महिने हेच चाललं होतं. आज मात्र त्याला राहवलं नाही.

"घड्याळजी, बावीस वर्षं तुम्ही इथलं सूप प्यायलात. आता कवचाबाहेरचं काहीच चालत नाही?"

"अंडं बरं असतं हो. देवाने पॅक करून पाठवलेलं."

दोघांपैकी कुणीच हसलं नाही. समोरची खुर्ची रिकामी होती. तिथे घड्याळजींची बायको बसायची. चार महिन्यांपूर्वी दोघं इथून जेवून गेली आणि दोघांनीही अंथरूण धरलं. घड्याळजी तीन दिवसांत उठले, वहिनी तीन आठवडे हॉस्पिटलात होत्या. आरोग्य खात्याच्या माणसाने येऊन पाणी तपासलं, भांडी तपासली, आणि शेवटी मालकाच्या खांद्यावरचा फडका चिमट्याने उचलला. त्या फडक्याने मालक टेबलं पुसायचा, हात पुसायचा, आणि खास गिऱ्हाईक आलं की त्याच्या वाडग्याची कडसुद्धा. खास गिऱ्हाइकं दोनच होती. बाकीच्यांना वाडगा तसाच मिळायचा, म्हणून बाकीचे धडधाकट राहिले.

"वहिनी कशा आहेत?"

"बरी आहे. जिना चढताना मध्ये बसते."

मालकाने मान खाली घातली. मग म्हणाला, "नवी फरशी घातली. स्वयंपाकघराच्या दाराला काच बसवली. एकदा आत येऊन बघा तरी."

"बघितलंय. लखलखतंय अगदी."

"मग?"

"मनाला पटतं हो. हात धजत नाही."

"मग रोज येता तरी कशाला?" मालकाच्या तोंडून निघून गेलं.

घड्याळजींनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरून माणसं जात होती. "मी इथे दिसलो नाही, तर लोक काय समजतील?"

मालकाला वाटत होतं, हा माणूस सवयीने येतो. तो माणूस तर चार महिने त्याच्या खानावळीसाठी खिडकीत बसत होता. मालकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घड्याळजींना ते दिसलं असावं. चष्मा नाकावर नीट बसवत ते म्हणाले, "बरं, आणा सूप. अर्धाच वाडगा."

मालक जवळजवळ धावतच आत गेला. त्याच्या बायकोने डोक्यावरची टोपी सारखी केली, हातमोजे चढवले आणि पातेल्यातून सूप वाढलं. त्याने दोनदा साबणाने हात धुतले. मग त्याचा हात आपसूक खांद्याकडे गेला.

"काय शोधताय? जाळला मी तो फडका," ती म्हणाली. "दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक प्यायला तयार झालाय. नीट न्या."

तो जपून नेत होता. पण टेबलाशी पोचता पोचता एक थेंब कडेवरून ओघळला. मालक इतका आनंदात होता की त्याला काही सुचायच्या आत हाताला सुचलं. त्याने एप्रनचं टोक उचललं, वाडग्याची कड सगळीकडून मायेने पुसली आणि वाडगा पुढे ठेवला.

"घ्या. गरम आहे."

घड्याळजींचा चमचा हवेतच थांबला. उभा जन्म घड्याळातला कण न् कण टिपण्यात गेलेला माणूस तो. त्यांची नजर एप्रनच्या टोकावर होती. मालकाने खाली पाहिलं. टोकावर खुर्चीची धूळ होती, मघाचीच.

"दुसरं आणतो," तो कसाबसा म्हणाला. "पळत आणतो."

"राहू द्या." घड्याळजी रागावले नव्हते. रागावले असते तर मालकाला बरं वाटलं असतं. चमचा त्यांनी सरळ रेषेत खाली ठेवला. "तुम्ही प्रेमानेच करता हो. मला माहीत आहे. अंडीच द्या."

त्याने अंडी आणून ठेवली. घड्याळजी खिडकीकडे तोंड करून, रस्त्यावरून नीट दिसेल असे बसले आणि एक एक टवका काढत अंडं सोलू लागले. शेजारी सुपावर साय धरू लागली.

आतून बायकोने काचेला नाक लावून विचारलं, "घेतलं का हो त्यांनी?"

मालकाने एप्रनचं टोक मुठीत चुरगळलं.

"गरम आहे अजून," तो म्हणाला. "निवू दे जरा."