चंद्रे, तिला सांग

म्हैस छावणीला गेली आणि रंगनाथचं बायकोशी बोलणं बंद पडलं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. गावात वैरणीची काडी उरली नव्हती. पारनेरच्या बाजूला गुरांची छावणी उघडली होती, तिथं चंद्रीला बांधून रंगनाथ घरी परतला. दारात चांगुणा उभी होती. म्हैस नीट राहिली का, एवढंच तिला विचारायचं होतं. राहिली, एवढंच त्याला सांगायचं होतं. दोघंही मूग गिळून आत गेली.

कारण होता मंगळ.

घरात माणसं दोनच, पण त्यांच्यातून विस्तव जात नव्हता. रंगनाथ काही वाईट माणूस नव्हता. बायकोशी बोलताना मात्र त्याचा आवाज पहिल्या शब्दालाच टिपेला जायचा. चांगुणाही मग उसनं ठेवायची नाही. होळीच्या दिवशी कालवणातल्या मिठावरून जुंपली आणि जेवणाचं ताट अंगणात जाऊन पडलं. दुसऱ्या दिवशी गावचे जोशी, नृसिंहकाका, यांनी रंगनाथला आपणहून बोलावून घेतलं.

"तुझ्या बुधावर मंगळाची चौथी दृष्टी आहे," पंचांगावर बोट ठेवून काका म्हणाले. "बुध म्हणजे वाणी. अक्षय्य तृतीयेपर्यंत बायकोशी थेट एक शब्द बोलायचा नाही. माणसाकरवी निरोपसुद्धा नाही. बोललास तर काडीमोड ठरलेला."

"आन् अडलं-नडलं तर?"

"गोठ्यातल्या मुक्या जनावराला सांगायचं. बायको पलीकडून ऐकेल. तिनंही तसंच करायचं."

काडीमोड म्हटल्यावर रंगनाथनं लगेच मान डोलावली. भांडत असला तरी चांगुणेवाचून घर त्याला सुचत नव्हतं. तेव्हापासून संसार गोठ्यात सुरू झाला. संध्याकाळी तो धार काढायला बसे, पलीकडे ती वैरण टाकत उभी राही. चंद्री मोठी नखऱ्याची होती. कुणाचा आवाज चढला की पान्हा चोरायची. त्यामुळं ती पहिल्यांदा व्याली तेव्हापासून रंगनाथ तिच्याशी लाडीगोडीनंच बोलायचा. आता घरातलं सगळं बोलणं त्याच आवाजात व्हायला लागलं.

"चंद्रे, आज मीठ जरा कमी पडलं बाय. पर कालवण झ्याक हुतं."

"चंद्रे, मीठच सरलंय. मालकाला म्हनावं, बाजारातनं आना."

बाजारातनं मीठ आलं. भांडण झालं नाही. असं कधी घडलंच नव्हतं.

आणि आता गोठाच रिकामा. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून दोघं घरी येत आणि समोरासमोर बसून भाकरी खात. चांगुणेच्या तळहाताला फोड आले होते. उद्या कामावर येऊ नको, असं रंगनाथला म्हणायचं होतं. शब्द ओठांवर येई आणि मंगळ आठवे. त्यानं कोंबडीला सांगून पाहिलं, ती फडफडत पळाली. जात्याला सांगायला गेला, पण त्याची त्यालाच लाज वाटली. वैतागून त्यानं धारेची रिकामी बादली लाथाडली. तिचा आवाज तेवढा घरात घुमला.

तो तणतणत जोशांकडे गेला. "काका, म्हैस गेली छावणीला. आता मी बोलू कुनाशी? एक शब्द तरी मोकळा करा!"

नृसिंहकाका गडबडले. पंचांगाची पानं उगाच मागेपुढे केली. "थांब जरा. विचारावं लागेल."

"कुनाला?"

"अं... ग्रहांना."

ग्रहांचं उत्तर काही आलं नाही. त्याआधी चांगुणेचा भाऊ गोरक्ष आला. तो राहुरीकडे राहायचा. तिकडे धरणाचं पाणी होतं, उसात काम होतं. "दाजी, ताईला घेऊन जातो," तो म्हणाला. "हितं काय ठेवलंय? तिनं हो म्हटलंय."

रंगनाथनं चांगुणेकडं पाहिलं. ती गाठोडं बांधत होती. जीव खाऊन गाठ मारत होती. आधी डाफरत तरी होता, आता तेही नाही, असा राग तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. ही गेली की परत यायची नाही, हे रंगनाथला कळलं. थांब म्हणावं तर मंगळ संसार मोडणार. न म्हणावं तर तो डोळ्यांदेखत मोडतच होता. त्याला ग्रहांचा, दुष्काळाचा, जोशाचा, सगळ्यांचा संताप आला.

गाठोडं काखेत मारून ती उंबऱ्याबाहेर पडली. एस.टी.ची वेळ झाली होती, गोरक्ष पुढं चालायला लागला.

रंगनाथ गोठ्यात धावला. रिकाम्या खुंट्याशी, धारेला बसायचा तसा उकिडवा बसला. खुंट्यावर हात ठेवून, चंद्रीशी बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "चंद्रे, तिला सांग, जाऊ नको म्हनावं. पान्याबिगर काढीन मी उन्हाळा. तिच्याबिगर न्हाई निघायचा, बाय."

पावलं थांबली. गाठोडं जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. चांगुणा गोठ्यात आली आणि खुंट्याच्या पलीकडे, तिच्या रोजच्या जागेवर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. ती खुंट्याकडेच बघत बोलली.

"चंद्रे, मालकाला सांग, मंगळ-बिंगळ काय न्हाई. होळीच्या रातीला जोशीकाकांच्या पाया मीच पडले हुते. म्हनलं, धनी म्हशीसंग बोलत्यात त्या आवाजात माज्यासंग एकदा तरी बोलतील असं काय तरी करा."