बेचक्याची फांदी

शिगेझो स्वतःच फांदी तोडून घेऊन आला, तेव्हा तिठ्यावर बायका जमल्या होत्या. एका बुंध्यातून दोन फुटलेली, हवी तशी फांदी होती. तरी तोरा आजीने ती त्याच्या हातातून ओढून घेतली.

"हे बायकांचं काम आहे. तू तिकडे उभा राहा."

कुत्री विताना दगावली की त्या डोंगरातल्या बायका तिठ्यावर अशी फांदी रोवत, पुन्हा कोणी अडू नये म्हणून. शिगेझोच्या घरासाठी ती कधी रोवावी लागेल, असं कोणाला वाटलं नव्हतं. त्याच्या कुत्र्या शेंगा सोलाव्यात तशा सहज व्यायच्या. पाचवा महिना लागला की गावातल्या सुना पोटाला पट्टा बांधून, आपलीही तशीच सुटका व्हावी म्हणून, आधी त्याच्या अंगणात कुत्र्यांच्या पाया पडून जायच्या.

काल त्याची कुत्री मात्सु अडली. पोटातली तिन्ही पिल्लं मेलेली निघाली, मागोमाग तीही गेली. ती तेत्सुपासून गाभण होती, आणि तेत्सु तिचा बाप.

तोरा आजी दगडाने माती ठोकत होती. "मागच्या वेताला दोनच झाली. एक बहिरं, एक जगलं नाही. तेव्हा काय सांगितलं होतं तुला? नदीपलीकडचा कुत्रा आण म्हणून."

"पलीकडचे शिकारीत रानडुकराच्या मागे भुंकत धावतात, आजी. आमचे त्याच्या तोंडासमोर उभे राहतात. बाहेरचं रक्त आलं की ते जातं."

"मग ठेव आता जपून."

कोणी हसलं नाही. बायकांनी फांदीपाशी भाताचे मुटके ठेवले, हात जोडले. त्यांत नदीपलीकडची नोएही होती. शिगेझोने घसा खाकरला.

"नोए वहिनी, तुमची कुत्री माजावर आलीय म्हणे. तेत्सुला घेऊन येऊ का?"

बायका वळून बघायला लागल्या. त्या घराने असं कधी कोणाला विचारलं नव्हतं. तेत्सु दोरीला त्याच्या पायाशी उभा होता, छातीने रुंद, तुकतुकीत. त्या घरचा धडधाकट असा आता तेवढाच उरला होता.

नोएने फांदीकडे बघितलं. "रागावू नका शिगे दादा. आमची एकच आहे हो."

"पिल्लं सगळी तुमची. मला एकही नको."

"पिल्लांचं नाही हो."

"नुसती लांबून बघेन मी."

नोएने खाली वाकून रिकामी टोपली उचलली. निघताना आपल्या गरोदर सुनेला तिने दुसऱ्या बाजूला घेतलं, तेत्सुपासून लांब. वाट अरुंद होती. त्यांना नीट जाता यावं म्हणून शिगेझोने दोरी आखडून धरली.